रुई आपली, हात कुणाचे?



  या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मी प्रथेप्रमाणे वर्षाचा आढावा घ्यायला हवा. तो छापून तुमच्या पिशवीत घातला आहे, घरी वाचा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती वीस वर्षं घशात अडकली आहे.

काल दिवसभर या व्यासपीठावर अमेरिका-चीन झालं. 2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं आपल्या बऱ्याचशा मालावर 50 टक्के शुल्क लावलं, त्याच महिन्यात दिल्लीनं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क तात्पुरतं उठवलं. गिरणीवाले खूश, शेतकरी संतापला. एक मित्र म्हणाले, चीनमधून सुटणाऱ्या ऑर्डरी आपल्याकडेच येणार. मला हसू आलं. दुसऱ्यांच्या भांडणावर आस लावायची ही आपली पहिली वेळ नव्हे. 1861ला अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवला. भाव चढले. 1865ला युद्ध संपलं, भाव आपटले. पुढेही आपल्या गाठी मुंबईकडे जातच राहिल्या.

जमशेटजी टाटांनी मात्र कापसाच्या मुलखातच गिरणी घातली. 1 जानेवारी 1877ला इथे नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी मेहता, मूळचे रेल्वेच्या मालवाहतुकीतले. गिरणीत आले आणि गिरणी शिकले. 1886ला कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी काढला गेला. याला कुणी दानधर्म म्हणतं. मी हिशेब म्हणतो. शिकलेला माणूस टिकला तरच गिरणी टिकते.

‘यंत्र की माणूस’ हा कालचा वाद. त्यावर माझा एक अनुभव. मी एका गिरणीत, रिंगखात्यात, म्हणजे सूत कातण्याच्या विभागात, शिकाऊ होतो. नवी परदेशी फ्रेम, मे महिना, धागा सारखा तुटायचा. आम्ही पदवीवाले ट्रॅव्हलर बदलून पाहिले, ताण मोजला, रुईला नावं ठेवली. सातवी शिकलेला जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला, सूत गालावरून फिरवलं आणि म्हणाला, “सायेब, कोरडी हवा येऊन रायली ना जी. तिकडची खिडकी कोनं उघडली?” खिडकी लावली, जमिनीवर पाणी मारलं. तासाभरात फ्रेम सुरळीत. माझ्या लेखी वाद तिथेच संपला.

ती गिरणी बंद पडली आणि तो जॉबर एटीएमबाहेर स्टुलावर बसला. 2002ला एम्प्रेसही बंद झाली. त्या जागेवर आज मॉल आहे. तिथे तयार कपडे मिळतात. कुठले, ते लेबलावर वाचा.

आता अमरावतीजवळ नांदगाव पेठेला मोठा टेक्स्टाइल पार्क होतोय. होऊ द्या, टाळ्या मीही वाजवीन. काल त्याच्या जमिनीची चर्चा झाली, विजेच्या दराची झाली, सबसिडीची तर दोनदा झाली. शेडमध्ये फ्रेमपाशी उभं कोण राहणार, हे काल एकाही वक्त्यानं विचारलं नाही.

म्हणून आपण एक शाळा काढू. इमारत नको, एखादी चालती फ्रेम आणि दोन जुने जॉबर पुरेत. पैसे कुठून, अभ्यासक्रम कोणता, हे कार्यकारिणी बघेल. मलाही अजून नीट सुचलेलं नाही. मात्र तुमच्या ओळखीत कुणी जुना जॉबर किंवा फिटर असेल, तर दुपारच्या चहाआधी त्याचं नाव मला चिठ्ठीवर लिहून द्या. माझ्या यादीत अकरा नावं आहेत. त्यातल्या दोघांना आता ऐकू येत नाही.