पाठीच्या कण्याला मार बसला तर



झाडावरून कोणी पडले की आपण काय करतो? उठवून बसवतो, पाणी पाजतो. नेमके तेच करू नये! मान-पाठ न वाकवता, चौघांनी मिळून त्याला फळीवर घ्यावे. पूर्ण तुटलेला मज्जारज्जू आजही सांधता येत नाही.

घरी आणल्यावर खरा वैरी म्हणजे अंथरुणातल्या जखमा. अंगाला जाणीवच नसते, मग दुखणार कोठून? दर दोन तासांनी कूस बदलावी, रात्रीसुद्धा. आणि हे एकट्या सुनेवर टाकू नये, बरे का! १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिलला डॉ. गुटमन यांनी हाच नेम कडकपणे पाळला, रुग्णांना खेळायलाही लावले.

चाकाच्या खुर्चीला आपल्या घरचा उंबरठा अडतो. तो आधी काढून घ्यावा.