रेषेने सुटका कोणाची होते?

(सोलापूर येथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

हुंडा, मारहाण, पोटगी, रेशन एवढे प्रश्न पुढ्यात असताना ‘हात पाहणे’ या विषयावर अख्खं सत्र कशाला, असं काहीजणींनी सकाळी विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकीचा अनुभव आहे की मार खाल्लेली बाई आपल्याकडे किंवा पोलीस चौकीत येते, ती आधी दोन-तीन ठिकाणी जाऊन आलेली असते. माहेर, एखादा देवऋषी आणि हात पाहणारा. म्हणजे तिला पहिला सल्ला तिथे मिळालेला असतो. तो काय असतो, हे आपल्याला ठाऊक हवं.

हस्तसामुद्रिक हा सामुद्रिकशास्त्राचा एक भाग. शरीरावरच्या खुणांवरून माणसाचं पुढचं आयुष्य सांगायचं, ही त्यामागची कल्पना. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पुरुषांची लक्षणं आणि कन्येची लक्षणं अशी वेगवेगळी प्रकरणं आहेत. हा वेगळेपणा नीट पाहा. पुरुषाच्या अंगावर त्याचं स्वतःचं राज्य, धन, आयुष्य वाचायचं. मुलीच्या अंगावर मुख्यतः वाचायचं ते हे की ती लग्न करण्याजोगी आहे का, आणि ती नवऱ्याच्या मुळावर येईल का. याला विरोधही तितकाच जुना आहे. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात श्रमण गौतम ज्या हीन विद्यांपासून दूर राहतो त्यांची यादी आहे. तीत अंगावरच्या खुणांवरून भविष्य सांगून पोट भरणंही आहे.

अलीकडच्या काळात या विद्येला विलायती शिक्का मिळाला तो कीरोमुळे. हा मूळचा आयर्लंडचा, १८६६ साली जन्मलेला. आपण ही विद्या कोकणातल्या एका ब्राह्मणाकडून शिकलो, असं तो सांगत असे. म्हणजे इथली गोष्ट तिकडे गेली, आणि इंग्रजी पुस्तक होऊन परत आली तेव्हा आपल्याकडच्या शिकलेल्यांनाही ती शास्त्र वाटू लागली.

आता प्रत्यक्षात काय चालतं ते पाहू. पुरुषाचा उजवा हात, बाईचा डावा. करंगळीखाली तळव्याच्या कडेला ज्या आडव्या रेघा असतात त्या विवाहाच्या. त्यांच्यावर उभ्या बारीक रेघा असल्या तर त्या संततीच्या. ठळक असली तर मुलगा, पुसट असली तर मुलगी. मुलगी इथेही पुसटच! खरं तर तळहाताच्या मुख्य घड्या आईच्या पोटात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास पडतात. मूठ मिटावी, वस्तू धरता यावी म्हणून त्या असतात. त्या वयात लग्नाचा आणि हुंड्याचा पत्ता कुठे असतो?

मग बायका ‘अगदी खरं सांगितलं’ असं का म्हणतात? कारण हात पाहणारा हाताबरोबर बाईलाही पाहत असतो. गळ्यातलं मंगळसूत्र, मनगटावरचा वळ, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सोबत कोण आलंय. मग तो म्हणतो, “बाई, तुम्ही सगळ्यांसाठी झिजता, पण तुमची कोणाला किंमत नाही.” आपल्या समाजात हे कोणत्या बाईला लागू पडत नाही? ती रडू लागते. पुढचं तीच सांगते, आणि घरी जाताना वाटतं की त्यानं ओळखलं.

भविष्याची परीक्षा घेण्याचा प्रयत्नही महाराष्ट्रात झाला आहे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तो केला. तो कुंडल्यांपुरता होता, हातांचा नव्हता. हुशार मुलं आणि मतिमंद मुलं यांच्या कुंडल्या मिसळून २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या आणि कुंडली कोणाची ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के आली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आलीच असती.

पण मैत्रिणींनो, ‘हे खरं की खोटं’ एवढ्यावर आपण थांबलो तर मूळ मुद्दा राहून जाईल. आपला प्रश्न असा हवा: या रेषेने सुटका कोणाची होते?

“तुमच्या विवाहरेषेला फाटा आहे, पस्तिशीनंतर सुख लागेल,” असं एका बाईला सांगितलं गेलं. ती मार सोसत पस्तिशीची वाट पाहत राहिली. इथे सुटका झाली नवऱ्याची. “संततीची रेघ नाही,” असं सांगितल्यावर दुसऱ्या एकीच्या सासरी दुसऱ्या लग्नाची बोलणी सुरू झाली. नवऱ्याची तपासणी करायची कोणाला गरजच वाटली नाही. मूल न होण्याचं कारण पुरुषातही असू शकतं, आणि मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे विज्ञान सांगतं. रेषा मात्र बाईच्याच हातावर शोधली जाते. माणसांनी केलेला अन्याय तिच्याच कातडीवर लिहिलेला आहे असं सांगितलं की मग जाब कोणाला विचारायचा?

ही फसवणूक जोतीराव फुल्यांनी १८५५ सालीच ओळखली होती. त्यांच्या ‘तृतीय रत्न’ नाटकात जोशी एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो आणि ते गरीब नवरा-बायको कर्जात बुडतात. जोतीरावांनी त्यावर उपाय दाखवला तो शिक्षणाचा.

आपल्या सोलापुरात आणखी एक गोष्ट दिसते. पूर्व भागात घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. तंबाखू, पान आणि दोरा यांनी वर्षानुवर्षं बोटं घासली जातात. मग रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा केंद्र सरकारच्या २०१७ च्या सूचना आहेत. तरी तिला परत पाठवलं जातं. आता सांगा, हा हात कोणी वाचायचा? त्याच्यावर मजुरी लिहिली आहे, मालकाचा नफा लिहिला आहे. तो वाचायला जोशी लागत नाही, संघटना लागते.

एक सावधगिरी मात्र बाळगू. दारोदार फिरून हात पाहणारी बाई आणि पाटी लावून बसलेला, अंगठीच्या खड्याचे हजारो रुपये घेणारा ज्योतिषी यांना एका मापाने मोजू नका. कुडमुडे जोशी हे भटक्या जमातीतले लोक. जमीन नाही, शाळा नाही, म्हणून ही विद्या पोटाला बांधलेली. तिच्या मुलीला शाळेत दाखला मिळवून देणं हेही आपलंच काम आहे.

कायद्याचं काय? डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्योतिषांचा सल्ला त्यातून वगळलेला आहे. नुसता हात पाहिला म्हणून तक्रार करता येणार नाही. पण अलौकिक शक्तीने मूल होईल असं सांगून बाईशी लैंगिक संबंध ठेवणं हा या कायद्याखाली गुन्हा आहे. हा फरक वस्तीत नीट समजावून सांगा.

शेवटी आपण काय करायचं? हात दाखवून आलेल्या बाईला हसू नका, ‘अडाणी’ म्हणू नका. तिथे तिला काय मिळालं ते विचारा. बहुतेकदा उत्तर एकच असतं: “त्यानं माझं ऐकून घेतलं.” घरात कोणी ऐकत नाही, चौकीत तर नाहीच. म्हणून पहिलं काम ऐकण्याचं, आणि त्याचे पैसे न घेण्याचं. दुसरं काम, तिला सांगितलेल्या प्रत्येक भाकितापुढे माणसाचं नाव विचारायचं. ‘सुख नाही’ म्हणजे कोण मारतं? ‘पैसा टिकत नाही’ म्हणजे पगार कोणाच्या हातात जातो? नाव सापडलं की मार्गही सापडतो: २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत, आपला बचत गट आहे, युनियन आहे. तिसरं काम, त्या मार्गावर पहिल्या दिवशी तिच्यासोबत जायचं.

बाईने हात पुढे केला तर तो उलटासुलटा करून पाहू नका. तो हातात घ्या आणि तिच्याबरोबर चालू लागा.