पेटी भरताना



फळ झाडावरून उतरले की बागायतदाराचे काम संपले, असा समज आहे. वस्तुतः वर्षभराच्या श्रमांची कसोटी पेटी भरतानाच लागते. हापूस पेरभर देठासह उतरवावा. देठ तुटल्यास चीक सालीवर ओघळून डाग पडतात. डागी फळ वेगळे काढावे, कारण एक नासका आंबा आढी नासवतो. पेटीत भाताचा कोरडा, मऊ पेंढा अंथरावा. फळ सैल राहिल्यास घाटातील हिसक्यांनी आपटते, कोंबून भरल्यास दबते. पुठ्ठ्याच्या पेटीला हवेसाठी भोके हवीत. वर मोठी, तळाशी बारीक फळे भरू नयेत. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाची लाज पेटीनेच राखायची आहे. शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी हंगामापूर्वीच हे घरोघरी समजावून सांगावे, ही विनंती.