‘खोकल्याचं औषध’ नावाचं एकच औषध नसतं

आजचा एपिसोड छोटा आहे, पण कामाचा आहे. विषय आहे खोकला, ब्राँकायटिस आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं सिरप. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. त्यामुळे कोणतं औषध घ्यायचं ते मी सांगणार नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध नीट कसं घ्यायचं, तेवढंच बोलू.

ब्राँकायटिस म्हणजे काय? फुफ्फुसात हवा नेणाऱ्या नळ्यांना आतून सूज येते. कफ वाढतो, आणि तो बाहेर टाकायला शरीर खोकतं. अचानक होणारा ब्राँकायटिस बहुतेक वेळा व्हायरसमुळे होतो, म्हणून त्यावर अँटिबायोटिकचा सहसा उपयोग होत नाही. बाकी त्रास आठवडाभरात कमी झाला तरी खोकला तीन आठवडेसुद्धा रेंगाळू शकतो. सिरपने हा आजार बरा होत नाही, फक्त त्रास थोडा हलका होतो. हे डोक्यात असलं की ‘दोन दिवस झाले, फरक नाही, डबल डोस घेऊ’ असला विचार येत नाही.

आता मुख्य मुद्दा. आपण सरसकट ‘कफ सिरप’ म्हणतो, पण बाटलीत काय आहे त्यावर सगळं अवलंबून असतं. काही औषधं कफ पातळ करतात, उदाहरणार्थ ॲम्ब्रॉक्सॉल आणि ग्वायफेनेसिन. काही आवळलेल्या श्वासनळ्या मोकळ्या करतात, जसं लेवोसाल्बुटामॉल किंवा टर्ब्युटालिन. आणि काही खोकल्याची ढासच दाबतात, जसं डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि कोडीन. म्हणजे एक बाटली म्हणते कफ बाहेर काढा, दुसरी म्हणते खोकूच नका. छाती कफाने भरलेली असताना खोकला दाबला, तर कफ आतच राहणार.

आमच्या घरचंच सांगतो. डिसेंबरात बाबांना ब्राँकायटिस झाला. डॉक्टरांनी कफ पातळ करणारं सिरप दिलं, त्यात लेवोसाल्बुटामॉलही होतं. रात्री आईचा फोन. म्हणाली, “अरे, फ्रिजमध्ये मागच्या वर्षीची अर्धी बाटली आहे. दिवसा नवीन देते, रात्री ती जुनी देते. त्याने झोप छान लागते त्यांना.” मी म्हटलं, आई, दोन्ही बाटल्यांचे फोटो पाठव. जुन्या बाटलीत तीन गोष्टी होत्या: डेक्स्ट्रोमेथॉर्फन, क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन. पहिलं खोकला दाबणार. दुसऱ्याने गुंगी येते, म्हणून ती ‘छान झोप’. तिसरं रक्तवाहिन्या आकुंचित करतं, आणि बाबांना बीपीची गोळी चालू आहे! डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जुनी अजिबात देऊ नका.

दोन दिवसांनी बाबा फोनवर म्हणाले, “हात थरथरतायत रे, छातीत धडधडतंय.” लेवोसाल्बुटामॉलने असं होऊ शकतं. पुन्हा डॉक्टरांशी बोललो, त्यांनी डोस कमी केला, थरथर थांबली. बाबा मात्र ‘औषध आहे, त्रास होणारच’ म्हणून गप्प बसणार होते. असं गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा.

प्रोजेक्टमध्ये नवीन लायब्ररी टाकताना आपण आत काय काय येतंय ते बघतो ना? इथेही तेच करायचं. ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण कामाची माहिती खालच्या बारीक अक्षरात असते. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करा. एकच घटक सर्दीच्या गोळीत आणि सिरपमध्येही असेल, तर नकळत दुप्पट डोस जातो. डायबिटीस असेल तर साखर नसलेलं सिरप मिळेल का ते विचारा. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण काही गोळ्यांबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन धोक्याचं ठरतं.

लेबलवर डावीकडे उभी लाल रेघ आणि ‘आरएक्स’ची खूण असेल, तर ते औषध चिठ्ठीशिवाय विकायचं नसतं. मेडिकलवाला ओळखीचा असला तरी! कोडीनच्या बाबतीत तर खूपच जपा. ते अफूच्या गटातलं औषध आहे. जास्त घेतलं, किंवा दारू वा झोपेच्या गोळीबरोबर घेतलं, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. त्याची सवयही लागते. गुंगी आणणारं कुठलंही सिरप घेऊन बाईक चालवू नका.

मोजमाप. घरातले चमचे सारखे नसतात. 5 मिली म्हणजे बाटलीसोबतच्या मापाने 5 मिली. बाटली तोंडाला लावायची नाही.

लहान मुलांचं वेगळं. 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून जास्त मुलं दूषित कफ सिरपमुळे दगावली. त्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे किडनी निकामी करणारं विष 48.6 टक्के सापडलं. परवानगी असते 0.1 टक्क्याची. हे विष वासाने किंवा चवीने घरी ओळखता येत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की गरज नसताना सिरप द्यायचंच नाही. त्याच वर्षी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे टाळावीत. मोठ्याची बाटली ‘अर्धा चमचा’ करून मुलाला तर कधीच देऊ नका. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधही नाही.

डॉक्टरांकडे लगेच कधी जायचं? दम लागतोय, छातीत दुखतंय, थुंकीत रक्त दिसतंय किंवा ताप उतरत नाही, तर सिरपवर दिवस काढू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर टीबीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. औषधाचा दुष्परिणाम कळवायचा असेल तर 1800-180-3024 हा टोल फ्री नंबर आहे.

आता एक काम करा. फ्रिजच्या दारात किंवा औषधांच्या डब्यात जुनी सिरपं असतील, ती बाहेर काढा. कोणाला, कधी आणि कशासाठी दिली होती हे सांगता येत नसेल, तर ती बाटली पुन्हा डब्यात ठेवू नका. आणि हा एपिसोड घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, तिथे एखादी काकू नक्की कोणाला तरी सिरप सुचवत असेल. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!