दंतचक्रें आणि वंगण

दोन दंतचक्रें एकमेकांत गुंतून फिरूं लागलीं म्हणजे पाहणारास असें वाटतें कीं, एकाचा दांत दुसऱ्याच्या दांतावरून नुसता गडगडत जातो. वस्तुस्थिति तशी नाहीं. दांताच्या उंचीच्या मध्याजवळ एक रेषा असते. तेवढ्या रेषेवरच केवळ गडगडणें घडतें. तिच्या वर व खालीं दांत दांतावरून घसरतो, आणि शेंड्याकडे व मुळाकडे हें घसरणें वाढत जातें. दांताला कोणतें दुखणें कोठें जडेल, हें पुष्कळसें ह्यावरून ठरतें.

शेंड्याजवळ वा मुळाजवळ घसरण्याच्या दिशेनें ओरखडे दिसले, तर तेलाचा पापुद्रा तुटला असें समजावें. तेथें पोलाद तापून पोलादाला क्षणभर चिकटतें व लगेच फाटून निघतें. मध्यरेषेजवळ, विशेषतः तिच्या किंचित् खालीं, बारीक खळगे पडले, तर तो प्रकार निराळा. तो एका दिवसाचा अपघात नव्हे. लाखों वेळां तोच भार सोसून पोलाद थकलें, त्याची ती खूण होय.

येथें एक नवल आहे. अमेरिकेंत स्ट्युअर्ट वे ह्यांनीं १९३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोरड्या पोलादी रुळांवर खळगे पडले नाहींत; तेल लावलेल्या रुळांवर पडले. दाबाखालीं तेल सूक्ष्म भेगेंत शिरतें व तिला वाढवितें, असा त्याचा अर्थ त्यांनीं लावला. म्हणून तेल बंद करावें असें मात्र नव्हे; कोरडा दांत त्याआधींच झिजून जाईल. पृष्ठभाग गुळगुळीत व तेल पुरेसें दाट असलें, म्हणजे खळग्यांचें भय कमी होतें.

मग सर्वांत कडक तेल सर्वत्र कां घालूं नये? पॅकार्ड मोटारींत १९२६ च्या सुमारास मागील आंसाला नव्या घडणीचीं दंतचक्रें आलीं. त्यांचे दांत लांबीच्या दिशेनेंही घसरत. साधें तेल तेथें टिकेना. अशा चक्रांसाठीं तेलांत गंधक, स्फुर इत्यादिकांचीं संयुगें मिसळतात. तापलेल्या पोलादावर तीं पातळ थर धरतात, आणि पोलादाऐवजीं तो थर झिजतो. परंतु मळसूत्री दांड्याबरोबर फिरणारें चाक बहुधा कांशाचें असतें. तापलेल्या कांशाला तेंच तीव्र गंधक खाऊं लागतें. एकाचें अमृत तें दुसऱ्याचें विष होतें.

तेव्हां डबा उघडण्यापूर्वीं दांत नीट पाहावा. ओरखडा आहे कीं खळगा, चाक पोलादाचें आहे कीं कांशाचें, हें ओळखल्यावांचून तेल बदलणें म्हणजे आगींतून फुफाट्यांत पडणें होय.