होडीची फळी : राळ आणि गाभा

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरांत आज काचतंतूंच्या, म्हणजे फायबरच्या होड्या डुलतांना दिसतात. अशी होडी हलकी करावयाची तर दोन पातळ कवचांमध्यें गाभा घालावा लागतो. भरीव फळीची जाडी दुप्पट केली, कीं ताठरपणा ८ पट होतो. गाभा ही जाडी थोड्या वजनांत देतो. मग साच्यांतील हवा पंपानें काढली, कीं रेझीन, म्हणजे कृत्रिम राळ, तंतूंत शिरते.

ही राळ पातळच हवी. दाट राळ टोंकाला पोंचण्यापूर्वींच थिजते. कोंकणच्या उन्हाळ्यांत तर अधिकच लौकर. पॉलिएस्टर स्वस्त खरें, पण सदैव पाण्यांत राहणाऱ्या तळास व्हिनिल एस्टर किंवा एपॉक्सी अधिक मानवतें.

गाभा निवडावा तो राळ पाहून. थर्माकोल पॉलिएस्टरमधील स्टायरीननें विरघळतो. शिवाय हवा काढतांच दर चौरस मीटरवर सुमारें १० टन दाब पडतो. मऊ गाभा त्याखालीं चेपतो. बाल्साचें लांकूड हा दाब सहज सोसतें, परंतु एका उघड्या छिद्रांतून पाणी शिरलें तर तें कुजतें. पीव्हीसीचा फेस कुजत नाहीं. मात्र तो महाग.

भर समुद्रांत फळी उघडून पाहतां येत नाहीं. म्हणून वीतभर तुकड्याची परीक्षा आधीं किनाऱ्यावरच करावी. तींत गेलेला दिवस वायां जात नाहीं. होडींत माणसें बसावयाचीं असतात.