ओटीपी डोंबिवलीला जातो

(रत्नागिरीतील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

कुठल्याही सेतू केंद्रात कामाच्या दिवशी अर्धा तास नुसते उभे राहा. एखादी आजी आधार आणि रेशन कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आलेली असते. फॉर्म भरणारा पोरगा भराभर माहिती टाकतो आणि म्हणतो, "आजी, ओटीपी सांगा." ओटीपी गेलेला असतो डोंबिवलीला, लेकाच्या फोनवर, कारण आधारला नंबर त्याचाच जोडलाय. लेक लोकलमध्ये. फोन लागतो, आवाज तुटतो, आकडे हाती येईपर्यंत मुदत संपते. पुन्हा पहिल्यापासून.

चूक आजीची नाही, त्या पोराचीही नाही. ज्याने ही पद्धत आखली, त्याने एक माणूस आणि त्याचा फोन कायम एकाच जागी असणार असे गृहीत धरले. कोकणातले घर मात्र शंभराहून अधिक वर्षे दोन जागी नांदते आहे, अर्धे गावात आणि अर्धे मुंबईत. हे मनिऑर्डरवाल्या पोस्टमनला ठाऊक होते. कुपनावरचा चार ओळींचा मजकूर वाचून दाखवायला तो ओसरीवर टेकायचा. फॉर्ममध्ये जवळच्या दुसऱ्या माणसाचा नंबर द्यायची सोय ठेवली आणि मुदत थोडी वाढवली, तर निम्मे हेलपाटे वाचतील, असे माझे मत आहे.

शिकलेल्यांची गतही फार वेगळी नसते. झेरॉक्स कंपनीच्या (हो, आपण जिच्या नावाने दुकानात जातो तीच) अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत ल्युसी सचमन या मानववंशशास्त्रज्ञ बाई काम करत. नव्या मशीनशी माणसे कशी झटापट करतात, याचे 1980 च्या दशकात त्यांनी चित्रीकरण केले. त्या चित्रीकरणात मशीनपुढे घामाघूम झालेले दोघे चक्क संगणकतज्ज्ञ होते! बाईंचे पुस्तक 1987 साली आले.

आपल्याकडचे खरे शिकण्यासारखे उदाहरण वारणानगरचे. 1998 साली तिथे 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर-सांगलीतली 70 गावे, गावोगावी संगणक केंद्रे. इंटरनेट, शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण, सगळे त्यातून मिळणार होते. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरूच्या संशोधकांनी जाऊन पाहिले, तर शेतकरी केंद्रावर यायचा तो मोजकेच प्रश्न घेऊन. माझा ऊस किती टन भरला? तोडीची पाळी कधी? खताचे किती खात्यावर पडले? एवढ्यासाठी संगणक, त्याची दुरुस्ती आणि विजेची वाट पाहणे. मग त्यांनी 7 गावांत 8 महिने प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल. एसएमएस पाठवायचा, उत्तर यायचे. काम भागले, खर्चही उतरला. मूळ प्रकल्पाला मी फसलेला म्हणणार नाही. सहकारी साखर कारखान्याचे खाते हाच त्या गावांचा रोजचा व्यवहार होता आणि तेवढा भाग लोकांनी मनापासून वापरला. बाकीची स्वप्ने मांडवातल्या भाषणांसाठी ठीक होती.

आता आपल्या समुद्राकडे या. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासा कुठे सापडण्याचा संभव आहे, ते कळवते. त्या संदेशात अक्षांश-रेखांशाबरोबर ओळखीच्या बंदरापासूनची दिशा, अंतर आणि खोलीही असते. होडी हाकणाऱ्या तांडेलाचे डोके असेच चालते: कुठून निघायचे, कुठे वळायचे, किती वाव पाणी. हे कुणीतरी नीट पाहून केले आहे. पण मासा लागल्यावर तांडेल ती जागा सगळ्या बंदराला सांगतो का? सांगितली तर आपल्या दोन-चार होड्यांना. त्याच्या हातात 'सर्वांसाठी खुली माहिती' भरायचे ॲप दिले, तर तो त्यात काय भरेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

इथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी बसले आहेत. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरवण्याआधी आठवडाभर मिरकरवाडा बंदरात मासळीच्या लिलावाच्या वेळी उभे राहा, एसटी स्टँडच्या चौकशी खिडकीशी बसा. कोण कुणाला काय विचारतो, उत्तर मिळाल्यावर तो पुढे कुणाला सांगतो, हे वहीत टिपा. ती वही सरांपुढे ठेवा आणि मगच विषय नक्की करा.